काकानं दिलेला थंडा

मंडळी, डोकं तापलेलं हाय, शब्द कडू लागले तर लागू द्या.

आज तांड्यात पुतणीची सोयरीक झाली. सोयरीक पक्की झाली का दोन्हीकडच्या मोठ्यांनी दारूचा घोट घ्यायचा, ही आमची रीत. मी नाही म्हटलं. दारू सोडून नऊ महिने झाले. रविवारी बोरी अरब गावात प्रार्थनेले जातो अन् रोज सकाळी गुडघे टेकून एवढंच मागतो, "प्रभू, आजचा दिवस काढून दे."

काका हासले. "येशूवाला झाला हा. बरं, थंडा तरी पे." ग्लास त्यायनंच हातात देला.

माही बायको अजूनही माह्या ग्लासाचा वास घेतल्याशिवाय मले पिऊ देत नाही. तिनं वास घेतला अन् ग्लास खाली ठेवला. थंड्यात दारू होती. तिले वाटलं, मीच टाकली.

घरी येऊन रातच्या प्रार्थनेले बसलो. रोज ती बाजूले बसते. आज चुलीपासून हलली नाही.

काका, तुमी हे वाचून राह्यले, मले ठाऊक हाय. माहा देव पटत नसन तर नका मानू. पण उद्या घरी येऊन माह्या बायकोले सांगान का, ग्लासात कोणी टाकली?