नळ असलेला पाडा

पेठच्या डोंगरातल्या एका पाड्यावरच्या नळयोजनेचं काम माझ्याकडे होतं. टाकी उभी राहिली, घरोघरी नळ बसले, पण ज्या विहिरीवर सगळी मदार ती होळीपर्यंतच आटायची. मी ते नाशिकला जाऊन वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "विहीर आपल्या कामात येत नाही. आपलं काम नळापर्यंत."

उद्घाटन भर उन्हाळ्यात ठरलं. सकाळीच टँकर मागवून टाकी भरून घेतली. नळ सोडायला वरिष्ठांनी एक म्हातारी निवडली. ती रोज दरी उतरून झऱ्याचं पाणी आणायची, आणि सगळ्यांत थकलेली दिसत होती. नळाला धार लागली तशी ती खरोखर रडली. फोटोवाल्याला ते नीट टिपता आलं नाही, म्हणून तिला पुन्हा डोळे पुसायला लावले.

दुसऱ्या दिवसापासून नळ कोरडे. शिवाय कागदावर योजना पूर्ण झाली म्हणून उन्हाळ्यात पाड्यावर अधूनमधून येणारा सरकारी टँकरही बंद झाला.

म्हातारी जीप बदलत थेट नाशिकच्या ऑफिसात आली. वरिष्ठांनी तिला बसवलं, चहा दिला आणि भिंतीवरचा फोटो दाखवून विचारलं, "आजी, ही कोण?"

"मीच हाय."

"मग नळाला पाणी नाही, असं कसं म्हणता?"

सगळे हसले. सगळे हसतात म्हणून तीही थोडी हसली. निघताना तिने मला हळूच विचारलं, इथलं पाणी बाटलीत भरून नेलं तर चालेल का.

त्याच उन्हाळ्यात दरीच्या वाटेवर ती हंड्यासकट पडली. खुबा मोडला. झोळीत घालून तिला रस्त्यापर्यंत आणावं लागलं. पेपरात बातमी आली, तेव्हा टँकर पुन्हा सुरू झाला. वरिष्ठांना तोवर बढती मिळाली होती.

मी तिला भेटायला गेलो, तेव्हा ती खाटेवरच होती. टँकर दाराशीच उभा होता, बायका हंडे भरत होत्या. पाणी तरी आता पोटभर मिळतं ना, असं मी विचारलं. ती बाहेर हंडा भरणाऱ्या सुनेकडे बघून हलक्या आवाजात म्हणाली, "नाय साहेब. सून घोटभरच देते. जास्त प्याले तर मला लघवीला उचलून बाहेर न्यावं लागतं."