गाळात राहिलेली सळई

मला पोहता येत नाही. विहिरीत वाकून बघायचं म्हटलं तरी मी दोन पावलं मागे सरते. तरीही धाकटी बहीण शुभा म्हणाली, "अक्का, यंत्र तपासायला गणेशगुडीच्या धरणावर चाललेय, येतेस?" आणि मी हो म्हटलं. समुद्रतळाच्या गाळातलं तापमान आणि दाब मोजायला ती लवकरच जहाजावर जाणार होती. हे काम एकदा डोळ्यांनी पाहिलं तर जिवाला घोर कमी लागेल, असं वाटलं.

बेळगावहून खानापूर, रामनगर करत निघालो. पुढे रस्ता जंगलात शिरतो, खड्डेही त्याच्यासोबत येतात. पेट्रोल आधीच भरून घ्या. बसने जाणार असाल तर परतीची वेळ उतरतानाच विचारा. मुक्काम एका घरगुती खोलीत, भाडं जेवणासकट आणि खिशाला झेपणारं. उकड्या तांदळाचा भात, माशाचं कालवण. शुभाने ताव मारला, मी भात चिवडत बसले.

सकाळी धरणाच्या जलाशयात होडी निघाली. होडी नारायणमामांची. ते कुंभारवाडा गावाकडचे, कमरेला कायम कोयता. शुभा नेहमी त्यांच्याच होडीतून मोजमापं घ्यायची.

"मामा, किती खोल आहे हो?"

"लई हाय. पन आपून वरच ऱ्हानार न्हवं?"

यंत्र म्हणजे माणसाहून उंच पोलादी सळई, अंगभर सेन्सर लावलेली. गाळात घुसताना ती घासून तापते, दाबही उगाच चढतो. खरा आकडा यायला बराच वेळ थांबावं लागतं. तोवर सळईची दोरी ढिली हवी, नाहीतर होडीबरोबर सळईही हलते. सळई गाळात सोडून शुभा पाठमोरी बसून तिच्या तारेला जोडलेला लॅपटॉप बघत होती. मामा नांगर बघायला पुढे गेले आणि जाताना दोरी माझ्या हातात दिली.

"ढिली धरा अक्का. बांदू नगा."

माझे तळवे घामाने निसरडे झाले होते. दोरी सुटली तर शुभाची सगळी मेहनत बुडणार. मी गुपचूप ती होडीच्या कडीला आवळून बांधली.

तेवढ्यात वारा सुटला. होडी सरकली, दोरी ताणली आणि माझ्याकडची बाजू खाली जाऊन पाणी आत आलं. मी किंचाळले. मामा धावले, एका घावात दोरी आणि तार दोन्ही तोडली. होडी सावरली. सळई खालीच राहिली.

"दोरी कुणी बांधली?" शुभाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी खाली वाकून ओंजळीने पाणी उपसू लागले.

"म्या बांदली," मामा म्हणाले.

"मग पुढच्या वेळी मी दुसरी होडी बघते."

"व्हय," म्हणून ते डब्याने पाणी उपसत राहिले. काठ येईपर्यंत मी मान वर केली नाही.

घरी येऊन दोन दिवस मी शुभाचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मीच केला आणि सगळं सांगितलं.

"पाण्याला घाबरलीस, ते कळतं. पण अक्का, मला?"

त्याच संध्याकाळी मामांनाही फोन लावला, माफी मागितली.

"तुमी लई थरथरत हुतासा," ते म्हणाले. "म्हटलं, त्यात आनिक बहिनीचं बोलनं नको."

शुभाची नवी सळई तयार होतेय. तपासणी मामांच्याच होडीतून होणार, आणि मलाही बोलावलंय. मामांनी निरोप धाडलाय, "दोरी पुन्यांदा अक्कांच्याच हातात देतो."

मी येते म्हणून कळवलंय. हे लिहितानाही तळवे ओले आहेत.