शेजारच्या ठाणातला पेंढा

अंगरख्याच्या आत, मानेच्या बरोबर खाली, जिथे कुठलाच हात पोचत नाही, तिथे भाताच्या पेंढ्याची एक काडी मुक्कामाला आहे. अंगरखा झटकला, धुतला, उलटा करून वाळवला. एक जाते, दुसरी येते. कराच्या आणि गटारांच्या तक्रारी छापून येतात, माझ्या काडीसाठी मात्र कुणी दोन ओळींचा अर्ज केला नाही. ती कुठून आली हे सांगायचं तर कल्याणचा प्रवास सांगायला हवा. घोडं घेऊन ठाण्याहून तिकडे जाणाऱ्यांना तो उपयोगी पडेल.

आमची सारजा घोडी दिवाळीपासून खाली बसत नव्हती. घोडं उभ्याने डुलकी काढतं हे खरं, पण गाढ झोप त्याला आडवं पडूनच लागते. सारजाचा पहाटे डोळा लागला की पुढचे पाय दुमडायचे आणि ती फरशीवर आपटायची. दोन्ही गुडघे सोलून निघाले होते. सलोत्री, म्हणजे घोड्यांचा वैद्य, म्हणाला, "अमावास्येपर्यंत बसली तर ठीक. नाहीतर एक दिवस टांग्यासकट पडेल, पाय मोडेल, मग गोळीच घालावी लागेल."

मी लेखणीवर पोट भरतो, त्यामुळे चूक कुणाची हे मला ताबडतोब कळतं. मी अंथरुणाला दोषी ठरवलं. लाकडाच्या वखारीतला भुसा आणला. धूळ नाकात जाऊन ती खोकू लागली. भाताचं तूस पायाखालून सरकतं, वाळू रात्री गार पडते. भाताचा पेंढा सगळ्यांत बरा, फक्त रोज सकाळी काढून उन्हात घालायला हवा. तोही पसरून झाला. सारजा त्यावर उभी राहून तो खात असे. शेजारच्या ठाणावर, म्हणजे घोडा बांधायच्या जागेवर, जळण रचलं होतं. तिथला आमचा म्हातारा घोडा खंडू, मागच्या डाव्या पायाने अधू, दिवाळीतच गेला.

"घोडी झोपत नाही म्हणून सगळ्या घराने जागायचं का?" आमच्या मंडळींनी विचारलं.

रामा मोतद्दार आमच्याकडे घोड्यांची देखभाल करतो. तो म्हणाला, "कल्यानच्या वेशीबाहेर चंद्राबाईचा तबेला हाय. तिथं रातभर उभं राहिलेलं घोडं मी नाय पायलं."

निघालो. सारजावर बसणं धोक्याचं, म्हणून लगाम धरून पायीच. कळव्याला तरीने खाडी ओलांडावी लागते. माणसाचा एक आणा, घोड्याचे दोन. सारजा होडीच्या एका कडेला चिकटून उभी राहिली. तांडेल ओरडला, "मधी घ्या तिला, होडी कलते." मी तिला मध्ये ओढली. होडी दुसऱ्या बाजूला कलली. तांडेलाने त्या रिकाम्या बाजूला पाहिलं आणि तो वल्हं जोरात मारू लागला.

मुंब्र्याला डोंगराखाली सावली आहे आणि पाणी गोड आहे. सोबत नेलेली तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं तिथेच खावं, पुढे शीळ गावापर्यंत काही मिळत नाही. शेजारून आगगाडी शिट्टी घालत गेली. सारजा दचकली नाही. तिचे कान डावीकडे वळलेले होते, आणि रस्ता मोकळा असूनही ती उजव्या कडेने, एका घोड्याची जागा सोडून चालत होती.

दिवेलागणीला कल्याण आलं. चंद्राबाई दारातच मिशेरी लावत बसली होती. मला आणि घोडीला आलटून पालटून पाहून म्हणाली, "चालत आनलीत? टांगा असता तर तोबी तुमीच वढला असता!"

तबेल्यातले टांगेवाले हसले. मीही हसलो, कारण पाय दुखत असताना भांडता येत नाही.

बाईने पेंढा झटकून पसरला, भिंतीकडेने उंच, मध्ये सपाट. मग मूठ दाबून पाहिली. मूठ फरशीला लागली तर पेंढा कमी. इथवर मलाही येत होतं. पण सारजाचं झाल्यावर तिने शेजारचं रिकामं ठाणही तसंच भरलं.

"हे कुणासाठी?"

"शेजाऱ्यासाठी."

"कुठाय तो?"

"एक बसायचं तर एक उभं पायजे, भाऊ. रानात अख्खा कळप कदी झोपतो का? एकलं घोडं कुनाच्या भरवशावर डोळा मिटंल?"

"पण इथे कुणीच नाही!"

"पेंढा घातला की येतं ज्येचं त्येचं."

मी मोठ्याने हसलो. या वेळी टांगेवाल्यांपैकी कुणी हसलं नाही.

सकाळी जाऊन पाहतो तर सारजा चारही पाय ताणून आडवी. मेली, असंच वाटलं. मग तिचा कान हलला आणि ती घोरली. मला रडू येईल की काय अशी भीती वाटली, म्हणून मी शेजारी पाहिलं. तिथला पेंढा चादरीसारखा सपाट होता. दारापासून आतपर्यंत एक काडी मोडलेली नव्हती. मधोमध मात्र चार खळगे होते, तीन फरशीपर्यंत दबलेले, तोंड सारजाकडे. मागचा डावा खळगा उथळ, नुसत्या खुराच्या टोकाचा. खंडू तो पाय असाच टेकवायचा.

निघताना बाईने दोन अंथरुणांचे पैसे मागितले. मी एकाचे ठेवले. घाबरलेला माणूस हिशेबाला फार पक्का होतो. "दुसरं मी मागवलं नव्हतं," मी म्हणालो.

तिने पैसे उचलले. "दुसऱ्याचं मला नका देऊ. जो रातभर उभा व्हता, त्याचं देनं हाय ते."

घरी आल्यावर सारजा पुन्हा उभी. पहाटे तोच आपटल्याचा आवाज आला. गुडघ्यांची खपली निघून रक्त आलं होतं, आणि अमावास्या उद्यावर होती.

त्या दिवशी मी अंगरखा न काढताच खंडूच्या ठाणावरचं जळण उपसलं, फरशी धुतली आणि पेंढा पसरला.

"ह्यो कुनाला, मालक?" रामाने विचारलं.

"वाळवायला."

"सांजच्याला?"

मी मधला पेंढा सपाट केला. दुसऱ्या दिवशी सलोत्री आला तेव्हा सारजाच्या आयाळीत पेंढा अडकलेला होता आणि एक कूस मळलेली होती. "अंथरूण जमलं तुम्हाला," तो म्हणाला. शेजारच्या ठाणाकडे त्याने पाहिलं नाही. रामाने पाहिलं, आणि तो बाहेर जाऊन बसला.

तेव्हापासून सारजाचा पेंढा रामा घालतो आणि शेजारचा मी. झोपणाराची सोय सगळे पाहतात. उभ्या राहणाराला मऊ काय लागतं हे मला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून अंदाजाने करतो. काल संध्याकाळी चारही खळगे ताज्या पेंढ्याने भरले. मूठ दाबून पाहिली. मग मागच्या डाव्या पायाशी पेंढ्याची आणखी एक कवळ टाकली. मानेत एक काडी गेली, ती तशीच राहू दिली.