अंगठ्याखालचं बटण

हे मी माझ्या पोरीजवळही कधी बोलले नाही, आणि तिच्याजवळ तर मी पोटात काही ठेवत नाही. तुम्हाला सांगते आहे — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

गोष्ट एका माऊसची आहे. कॉम्प्युटरच्या. हसायचं तर हसून घ्या.

आमच्या गोंडपिपरीत कोणाला कॉम्प्युटरचं काही घ्यायचं असलं की लोक मला विचारतात. मी कुठं शिकले? कुठंच नाही. मुलगा नोकरीवर गेला, त्याचा कॉम्प्युटर घरी राहिला, आणि धूळ पुसता पुसता मी तो चालू केला. आधी पत्ते खेळले, मग गाड्यांची शर्यत, मग बंदुकीचे खेळ — हो, या वयात. माऊस हाताला कसा बसला पाहिजे, ते मला त्या खेळांनी शिकवलं.

आणि माझ्या देवराला, मनोहरभाऊजींना, मी शिकवलं. दुपारी येऊन बसायचे. कुऱ्हाडीचा दांडा धरावा तसा माऊस धरायचे, अंगठा रुतवून. कितीदा सांगितलं, सैल धरा. तो हात मला पाठ झाला होता — हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं मी त्या हाताच्या भरवशावर केलं.

मग भाऊजींनी चौकात ऑनलाइन कामाचं दुकान टाकलं. दाखले, शिष्यवृत्त्या, भरतीचे फॉर्म. उद्घाटनाला मी नवी साडी नेसून गेले. कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर जरा टेकले, तर म्हणाले, “वहिनी, तिथी नका बसू, पावने येऊन राह्यले. तुमी चहाचं पाहा.” पाहिलं. ट्रे घेऊन बाहेर आले, तेव्हा कोणीतरी त्यांना विचारत होतं, एवढं कुठं शिकले? म्हणाले — नागपूरला, कोर्स केला. मी समोरच उभी होते. मी काय केलं असेल? विचारलं, साखर बरोबर आहे ना.

तो चहा मला आजही पचलेला नाही.

थोड्याच दिवसांनी भाऊजी माझ्या दारात. जुना माऊस बिघडला होता. दिवसभर फॉर्म भरायचे आणि संध्याकाळी मित्रांसोबत बंदुकीचा खेळ खेळायचा — दोन्हीला चालेल असा एकच हवा. मला सोबत चंद्रपूरला घेऊन गेले. दुकानदारानं दोन ठेवले समोर. एक साधा, हलका, वायरचा. खरं तर तोच त्यांच्या कामाचा. दुसऱ्याला बाजूनं, अंगठ्याखाली, दोन बटणं. खेळात त्यांचा मोठा उपयोग, बंदूक पटकन बदलता येते. पण फॉर्म भरताना त्यातलंच एक बटण दाबलं गेलं तर पान मागं जातं, आणि भरलेलं सगळं पुसलं जातं. सैल हाताच्या माणसाला त्याचा त्रास नाही. ते बटण बंदही करता येतं, सेटिंगमध्ये जाऊन. हे सगळं मला माहीत होतं. भाऊजींना नव्हतं.

“कोणता घेऊ, वहिनी?”

मी बटणांवाल्यावर बोट ठेवलं.

खेळात भाऊजी जिंकायला लागले, खूश होते. आणि दुकानात? आधार नंबर लिहिला, अंगठा रुतला — पान मागं. पुन्हा लिहिलं, पुन्हा मागं. फोन आला, “वहिनी, हे पान मांगं काऊन जाते? मी तं काहीच नाई केलं.” मी म्हटलं, “टावर नसन भाऊजी. जंगलाचा इलाका आहे.”

आमच्याकडं या वाक्यावर कोण शंका घेणार? भाऊजींनी नेटची कंपनी बदलली. नेटचा डबा छतावर चढवला, बांबूला बांधला. मी खालून पाहत होते आणि — सांगूनच टाकते — मला गोड वाटत होतं. लोक कंटाळून माझ्या घरी यायला लागले. खुर्ची माझी होती, चहा दुसरं कोणी करत होतं. इथंच थांबले असते तर मी हे लिहिलंही नसतं.

त्या दिवशी मी भाऊजींच्या दुकानात बसले होते. मजा पाहायलाच जात असे मी. जिवती गावाकडून एक पोरगी आली, बापासोबत, नर्सिंगच्या प्रवेशासाठी. शेवटचा दिवस, पाच वाजता साइट बंद होणार. भाऊजींनी भरायला घेतलं. पान मागं. परत भरलं. पान मागं. त्यांच्या कपाळावर घाम. मी बाजूलाच होते, मला तो अंगठा दिसत होता, नखापर्यंत पांढरा झालेला. अंगठा उचला — एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर भाऊजींनी वळून पाहिलं असतं ना माझ्याकडं? इतके दिवस माहीत होतं तर बोलल्या काऊन नाही, असं? मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत राहिले. पाच वाजले.

बाप कागद पिशवीत भरायला लागला. पोरगीच म्हणाली, “जाऊ द्या काका, टावरच नाई तं तुमी का करान.”

माझं वाक्य. तिच्या तोंडी.

दुकान पुढं बंद पडलं. भाऊजींचं मला वाईट वाटलं का? नाही. आजही नाही. वाटायला पाहिजे असेल, पण वाटत नाही, आणि खोटं मी इथं लिहिणार नाही.

त्या पोरीचं वर्ष गेलं. ते वर्ष तिनं मिरच्या तोडायला जाऊन काढलं, असं तिच्या बापानं सांगितलं — माझ्याच घरी बसून. कारण पुढच्या वर्षी ते फॉर्म भरायला माझ्याकडं आले. चांगलं काम करते म्हणून कोणी माझं नाव सांगितलं होतं. मी भरला. एका झटक्यात गेला. पोरगी उठली आणि माझ्या पाया पडली.

मी पडू दिलं.