संगमरवरी मुलीची ओटी

दापोडीच्या त्या बंगल्यावर मी नुसता कारकून, पण माळीणबाई म्हणजे बागेच्या महाराणी! झाडांना शिव्या घालत, संगमरवरी मुलीला मात्र रोज मायेनं न्हाऊ घालत. ओच्यात फुलं धरलेली ती ग्रीक पुराणातली मुलगी. पाताळाच्या राजानं तिला पळवून राणी केलं, तरी दरसाल ती आईकडे येते, हे मीच त्यांना सांगितलं होतं.

"म्हंजी म्हायेरपनाला येती की!" बाई हरखल्या.

पुढे मालकानं मूर्ती मुंबईला विकली. ट्रक निघताना बाई आडव्या आल्या.

"सासरी चाललीया, मोकळ्या ओटीनं धाडू व्हय?"

दगडी ओच्यात त्यांनी खण, नारळ, तांदूळ घातले आणि ड्रायव्हरला दरडावलं, "फुडल्या साली घिऊन यायचं, भावा!"

"आणतो, आक्का," तो मिशाळ गडी म्हणाला. नारळ हलू नये म्हणून त्यानं ट्रक वळणापर्यंत बैलगाडीच्या चालीनं नेला.