रानबटाट्याचे वकील

माझ्या नणंदेच्या दिरांइतका बटाट्यावरून भांडणारा माणूस अख्ख्या ऑकलंडात नाही. ऑकलंडच कशाला, पृथ्वीच्या पाठीवर नसेल. पुण्यात शेतकी शिकून इथे आलेले हे गृहस्थ पेनरोजजवळच्या एका ग्लासहाऊसमध्ये रानबटाटा सांभाळत. दक्षिण अमेरिकेतल्या उंच डोंगरांवरचं हे झाड. बटाटे गोटीएवढे, कडूजहर. पण आपल्या बटाट्याची पानं ज्या रोगाने काळी पडतात, तो याला शिवतसुद्धा नाही. तो गुण आपल्या बटाट्यात उतरवायचा, हा त्यांचा ध्यास. दुकानात कुणी निवडून मोठाले बटाटे घेऊ लागलं, की यांचं पित्त खवळायचं. एकदा एकादशीला आमच्या हिल्सबरोच्या घरी आले. मी बटाट्याचा कीस पुढे केला मात्र, सुरू! "सातासमुद्रापलीकडचा बटाटा उपासाला चालतो, आणि त्याच्या थोरल्या भावाला कुणी विचारत नाही! हा काय न्याय झाला, वहिनी?"

"मग आण की दोन, किसून बघू," सासूबाई म्हणाल्या.

"काकू, विष आहे ते!"

"अरे मेल्या, मग विषाचे एवढे लाड कशाला?" त्या दिवशी ते कीस न खाताच निघून गेले.

२०१७च्या हिवाळ्यात त्यांच्या साहेबांनी ठरवलं, यातून काही निघत नाही, काम बंद. झाडं वाफेच्या भट्टीत घालून नष्ट करायची, आणि तीही यांनीच! परदेशी झाड, म्हणून बाहेर पानही न्यायचं नाही. ऐकून माझं डोकंच फिरलं. स्वतःच्या हाताने वाढवलेलं स्वतःच मारायचं, काही माणुसकी आहे की नाही? सगळं उरकून ते संध्याकाळी थेट आमच्याकडे आले आणि जॅकेट न काढताच बसले. माझ्याच्याने राहवेना. "भाऊजी, चार बिया खिशात टाकायच्या होत्यात! कोण बघणार होतं?"

"वहिनी!" ते असे कडाडले की सासूबाई आतून धावत आल्या. "असंच कुणीतरी खिशातनं आणतं, आणि मग रोग पसरून शेतंच्या शेतं जातात! मी, मी चोरून बी आणू?"

मग चहाच्या कपाकडे बघत ते हळूच म्हणाले, "गेला होता हो हात खिशात. मूठभर बिया होत्या. परत काढला, आणि टाकल्या भट्टीत."

सासूबाई त्यांच्याशेजारी बसल्या. तो हात आपल्या हातात घेऊन म्हणाल्या, "आता जेवूनच जा."