हिरासिंगांच्या माडीची हाक

हिंगोलीत गंजाच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर हिरासिंग ठेकेदारांनी माणसांवर माणसं ठेवायची इमारत उठवली, तेव्हा गावानं ती आधी नीट बघून घेतली आणि मग सावकाश नावं ठेवली. तोवर हिंगोलीतली घरं म्हणजे माळवदाची, मातीची, जमिनीवर मांडी घालून बसलेली. कुणाकुणाकडं माडी होती, नाही असं नाही. पण वर झोपणारा आणि खाली झोपणारा एकाच चुलीवरचं खायचा. ही माडी निराळी होती. तळाला दुकानं, त्यावर दोन मजले, मजल्यावर ओळीनं खोल्या, खोल्यांपुढं लांबलचक सज्जा आणि प्रत्येक खोलीत वेगळा किरायेदार.

"म्हंजी आपल्या डोक्यावर परक्याची चूल?" गंजातले हमाल विचारत.

"आन् त्याच्या डोक्यावर आनखी एका परक्याची," हिरासिंग अभिमानानं सांगत. रेल्वेच्या कामासाठी ते एकदा हैदराबादला जाऊन आले होते आणि तेव्हापासून त्यांना हिंगोली बुटकी वाटायला लागली होती.

इमारतीत खोट एकच होती. सज्ज्याच्या बरोबर खाली खाजा मिया कल्हईवाल्यांचं अंगण होतं. आता आपल्याकडं निजामाच्या मुलुखात रीत अशी, की माळवदावर चढायचं झालं, मग गळती बुजवायला असो की हळद वाळत घालायला, पुरुषमाणसानं आधी मोठ्यानं हाक द्यायची. हाक ऐकली की शेजारच्या अंगणातल्या बायका आत जायच्या. चढणारा आपलं काम उरकून उतरायचा, बायका बाहेर यायच्या, आणि कुणाचंच काही अडायचं नाही. पण माळवदावर माणूस चढायचा तो वर्षातून दोनदा. हिरासिंगांच्या माडीवर तो रोज चढणार होता, आणि चढून तिथंच राहणार होता.

इथं आपल्या गोष्टीत उकंडराव येतो.

उकंडराव मूळचा कुरुंद्याचा. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं आणि नाव उकंडा ठेवलं. त्या वेळी त्यानं जो सूर लावला तो पुढं कमी केलाच नाही. कुरुंद्याच्या शिवारात तो जोंधळ्याची राखण करायचा. माळ्यावर उभा राहून त्यानं एक हाक दिली की त्याच्या शेतातली पाखरं उडायचीच, शेजारच्या शेतातली पण उठायची, आणि त्या शेताचा राखणदार आयता झोपा काढायचा. एवढा गुण अंगात असून त्याच्याजवळ स्वतःचं शेत नव्हतं आणि धड घर नव्हतं. बायको पार्वतीबाई भावाच्या घरी भावजयीच्या हाताखाली दिवस काढत होती, आणि उकंडराव हिंगोलीत हिरासिंगांच्या बांधकामावर चुन्याची घमेली वाहत होता.

परांचीवर चढायच्या आधी हाक द्यायचं काम आपोआप त्याच्याकडं आलं. ते त्यानं इतकं चोख केलं की बांधकाम संपेपर्यंत खाजा मियांच्या घरून एक शब्द आला नाही. बांधकाम संपलं, गवंडी गेले, आणि मग खाजा मिया आले.

"ठेकेदार, इमारत तर बनली. पण चढणं कुठं बंद झालं?"

हिरासिंगांना भिंत नको होती, कारण भिंतीनं हवा अडली असती आणि हवेचाच तर ते किराया घेणार होते. त्यांनी हाक द्यायला उकंडरावाला ठेवून घेतलं. पगार बेताचा, पण जिन्याखालची खोली राहायला. खोली म्हणजे तीन बाजूंनी भिंती आणि चौथ्या बाजूनं हिंगोली.

"दार?" उकंडरावानं विचारलं.

"वरीसभर खाजा मियांची तक्रार येऊ देऊ नको. मग सागवानी दार लावून देतो."

उकंडराव ही बातमी घेऊन कुरुंद्याला गेला. पार्वतीबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"दार न्हाई तं ती खोली न्हाई, बोळ हाय," ती म्हणाली. "बोळात म्या काहून येऊ? दार लागलं की सांगा. त्याच दिवशी बोचकं बांधते."

तेव्हापासून उकंडराव ओरडत होता तो दारासाठी.

काम असं चाले. कुणी जिन्याशी आलं की उकंडराव उठून उभा राहायचा, कानावर हात ठेवायचा आणि हाक द्यायचा, "पडदा होऽऽ, माणूस चढून राहिला." चढणारा सज्ज्यातून चालत आपल्या खोलीत शिरला की दुसरी हाक, "मोकळं होऽऽ." कुणा किरायेदाराला सज्ज्यात उभं राहून वारा खायचा असला तर त्यानं आतून टाळी वाजवायची, उकंडरावानं खालून हाक द्यायची आणि मग वारा खायचा. बऱ्याच जणांनी या भानगडीपेक्षा वाऱ्याचा नाद सोडला.

आता, माणूस एकच एक हाक किती दिवस देणार? पाखरांना कोण आलंय याच्याशी कर्तव्य नसतं, माणसांना असतं. उकंडरावाच्या हाकेत हळूहळू नावं आली. "जमील मास्तर चढून राहिले." "पोस्टातले साहेब चढून राहिले, संगं पाव्हणे हायेत." खालच्या अंगणात हे फार सोयीचं झालं. जमील मास्तर चढले की मदीनाबी, म्हणजे खाजा मियांच्या घरवाल्या, समजायच्या की मदरसा सुटला, पोरं येतील, चुलीवर तवा टाकायला पाहिजे. ज्या बाईनं नवऱ्याला भांडायला पाठवलं होतं तिचं घड्याळ आता उकंडरावाच्या गळ्यात होतं.

पण जी हाक अंगणात पोचते ती माडीतही पोचते.

पहिल्या मजल्यावर उत्तमराव राहत. तहसील कचेरीत कारकून. बुद्धिबळाचं वेड. दुसऱ्या मजल्यावर जमील मास्तरांची खोली, आणि त्यांनाही तोच आजार. उत्तमराव कचेरीतून अंमळ लवकर निसटायचे, स्वतःच्या दारावरून मांजरासारखे वर जायचे, डाव खेळायचे आणि दिवेलागणीला दमल्याभागल्यासारखं तोंड करून घरी उतरायचे. उकंडरावाच्या हाकेत नावं येण्याआधी हा संसार सुखाचा होता.

"उत्तमराव कारकून चढून राहिले होऽऽ." हाक ऐकून शालूबाई, त्यांच्या मंडळी, चहाचं आधण ठेवत. चहा व्हायचा, निवायचा, उत्तमराव काही येत नसत. तिसऱ्या दिवशी तर उकंडरावानं, अंगणातल्या बायकांना नेमकं कळावं म्हणून, हाकेला मजलाही जोडला. त्या संध्याकाळी उत्तमराव दमून घरी आले तेव्हा शालूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "कचेरी आता वरच्या मजल्यावर आली वाटतं?"

उत्तमराव दुसऱ्या दिवशी हिरासिंगांकडं गेले. आपलं दुखणं त्यांनी सांगितलं नाही, जगाचं सांगितलं. इमारत नव्या जमान्याची आणि खाली शेत राखल्यासारखी बोंबाबोंब, हैदराबादच्या माणसानं ऐकलं तर काय म्हणेल? हैदराबादचं नाव काढल्यावर हिरासिंग विरघळले. तोड उत्तमरावांनीच सुचवली. सज्ज्याला चिक लावायचे. चिक म्हणजे बांबूच्या बारीक काड्यांचा पडदा. आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. मग बायकांना आत जायला नको आणि उकंडरावाला ओरडायला नको.

"आन् उकंडरावाला राहायला बी नको," हिरासिंग म्हणाले. व्यवहारात ते पुढचं बघत.

नेमकं याच वेळी उकंडरावाचं वर्ष भरत आलं होतं. एकही तक्रार नव्हती. सुताराकडं दाराच्या सागवानी फळ्या रंधून तयार होत्या, आणि त्या स्वतःच्या डोळ्यांनी बघून त्यानं कुरुंद्याला निरोपही धाडला होता. दुसऱ्या दिवशी तो सुताराकडं गेला तर सुतार त्याच फळ्या उभ्या चिरत बसलेला.

"हे काय करून राहिला?"

"चिकाच्या चौकटी. ठेकेदारांचा हुकूम हाय."

उकंडराव परत आला आणि जिन्याखाली बसला. आता पार्वतीला काय सांगायचं, हे त्याला सुचेना. निरोप परत बोलवायचा तर कुरुंदा हाकेच्या पल्ल्यात नव्हतं, नाहीतर तेही त्यानं करून बघितलं असतं.

चिक लागले. हिरासिंगांनी रस्त्याच्या पलीकडं जाऊन इमारत बघितली आणि ती त्यांना आणखी एक मजला उंच वाटली. उकंडरावाला हुकूम झाला, की आज तोंड उघडायचं नाही. सगळं सुरळीत पार पडलं तर उद्या हिशोब करून मोकळं. उकंडराव गप्प बसला. जन्मल्यापासून हा त्याचा पहिलाच गप्प दिवस. दुपारपर्यंत त्याचं डोकं दुखायला लागलं.

दुपारच्या गाडीनं पार्वतीबाई आली. डोक्यावर बोचकं, हातात तवा. जिन्याशी उभं राहून तिनं खोलीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"दार कुठं हाय?"

उकंडरावानं वर सज्ज्याकडं बोट केलं.

"तिथं काहून लावलं?"

बोलायची तर बंदीच होती. पार्वतीबाई बोचक्यावर बसली. "संध्याकाळची गाडी हाय का परतीची?" तिनं विचारलं. ती चिडली नव्हती, हेच जास्त वाईट होतं.

इकडं खालच्या अंगणात सकाळपासून एक बाई बाहेर आली नव्हती. ईद तोंडावर आलेली, बाजेवर शेवया वाळत टाकलेल्या. जिन्याकडून हाक नाही. म्हणजे कुणी चढलं नाही, की चढून बसलं आहे? चिकाच्या आड मास्तर आहेत, कारकून आहेत, की अख्खी माडी आहे? मदीनाबी दाराच्या फटीतून वर बघायच्या आणि फट मिटून घ्यायच्या. पडदा सगळ्यांनी पाळला. पाळला नाही तो फक्त घरच्या बकरीनं. ती शेवया खाऊन गेली.

मग मात्र मदीनाबींनी हिरासिंगांना बोलावणं धाडलं. ते आले, मागोमाग उत्तमराव आले, खाजा मिया मध्ये उभे राहिले. मदीनाबी दारावरच्या टाटाआडून, म्हणजे गोणपाटाच्या पडद्याआडून बोलल्या.

"ठेकेदारभाई, पडदा आमी करायचा का तुमच्या इमारतीनं? आता तर तिनंच बुरखा घातला. आत कोण बसलं, कोण बघून राहिलं, आमाला काय ठावं?"

"कुणीबी बघत न्हाई, बी," हिरासिंग म्हणाले.

"न्हाई बघत तं लपता काहून?"

उत्तमराव घसा खाकरून म्हणाले, "आता तुम्हाला आत जायची गरज नाही. तुम्ही कुणाला दिसत नाही असं समजून चालायचं."

"ते समजायचं कुणी, ज्याला दिसतं त्यानं का आमी?" टाट जरासं हललं. "तो उकंडा ओरडायचा तवा घडीभर आत जात होतो. बाकीचा दिवस अंगण आमचं होतं. आज दिवसभर आत हाओत. आन् शेवया बकरीच्या पोटात."

खाजा मिया हिरासिंगांकडं बघून खांदे उडवते झाले. घरात त्यांचं असंच चाले.

वर्षभरात पहिली तक्रार आली होती, आणि ती उकंडराव गप्प बसला म्हणून आली होती. चिक संध्याकाळच्या आत उतरले.

आता एवढ्या नव्या कोऱ्या चिकांचं करायचं काय? एखादी वस्तू वाया घालवणं हिरासिंगांच्या रक्तात नव्हतं. काही दुकानांना दिले, काही घरी नेले, आणि एक चौकटीसकट जिन्याखालच्या खोलीला ठोकून दिला. सागवानी फळी अशा रीतीनं अखेर आपल्या जागी आली. फक्त मधून आरपार दिसायला लागली होती.

"घे, झालं दार," हिरासिंग म्हणाले आणि पार्वतीबाईनं काही विचारायच्या आत निघून गेले.

स्टेशनावर परतीच्या गाडीची घंटा झाली. पार्वतीबाई उठली. तिनं चिकाला हात लावून बघितला. आत गेली, चिक सोडला, बसली. थोड्या वेळानं बाहेर येऊन तिथून आत बघितलं. पुन्हा आत गेली. उकंडराव बोचक्याशेजारी उभा होता. बोचकं कुठल्या दिशेला जाणार ते त्याला कळत नव्हतं.

"अवो," आतून आवाज आला, "हितून समदं दिसून राहिलं की. रस्ता, दुकानं, जिना. आन् म्या कुणाला दिसत न्हाई. भावजयीच्या दारातून तर नुसता गोठा दिसायचा." आणि मग, "तवा इकडं द्या."

उकंडरावानं तवा दिला, बोचकंही दिलं.

चार दिवस गेले. दुपार उलटत होती. उकंडराव जिन्याकडं पाठ करून तंबाखू मळत होता. उत्तमराव कचेरीतून निसटले होते. त्यांनी रस्त्याच्या पलीकडून उकंडरावाची पाठ नीट न्याहाळली, वाकून चपला काढल्या आणि पहिल्या पायरीवर अलगद पाऊल ठेवलं. लाकूड वाजलं नाही. उकंडराव हलला नाही. उत्तमरावांना बऱ्याच दिवसांनी जरा बरं वाटलं.

"अवो, ऐकलं का," चिकाच्या आतून पार्वतीबाई म्हणाली. "कारकूनसाहेब हायेत. चपला हातात हायेत."

उकंडरावानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तंबाखू गालात धरली, कानावर हात ठेवला.

"पडदा होऽऽ. उत्तमराव कारकून चढून राहिले, दुसऱ्या मजल्याला. चपला हातात घिऊन."

अंगणातल्या बायका आत गेल्या, दारावरचं टाट पडलं. पहिल्या मजल्यावर शालूबाईंनी नाव ऐकून चुलीवर चढवलेलं चहाचं आधण मजला ऐकून उतरवून ठेवलं.